प्रयोगखोलीतलं हसू

ज्याला बोलावलं होतं त्याने ऐनवेळी टांग दिली, म्हणून हा आला. खरं तर आला नाही, आणला गेला. तिच्या वर्गमैत्रिणीने आपल्या सख्ख्या भावाला दंडाला धरून प्रयोगखोलीत ढकललं आणि म्हणाली, "घे. जनावरांचा डॉक्टर आहे, पण तुझ्या कामाला चालेल."

मनगटावर मांजराचे ताजे ओरखडे, बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस. "कुठे बसू?" त्याने विचारलं.

तिचा जीव भांड्यात पडला. बोधनिक मानसशास्त्राचं शेवटचं वर्ष, आणि प्रबंध एवढ्या एका माणसासाठी अडून बसला होता. माणसाची आठवण कशी फसते, हा तिचा विषय. आज हेडफोनवर शब्द ऐकवायचे आणि आठवड्याने पुन्हा बोलावून कोणते आठवतात ते विचारायचं. नियम एकच, पण कडक — प्रयोग घेणाऱ्याने कागदावरची ठरलेली वाक्यंच बोलायची. हसायचं तर मुळीच नाही. आपण हसलो की समोरचा आपल्याला खूश करायला बसतो, आणि मग त्याची उत्तरं काय कामाची?

"कृपया हेडफोन लावा," ती म्हणाली.

"लावले. यातला आवाज तुमचाच का?"

"कृपया शांतपणे ऐका."

"ऐकतोय की. चवताळलेलं कुत्रंसुद्धा शांत होईल या आवाजाने."

"काही अडचण असल्यास हात वर करा."

त्याने लगेच हात वर केला. "अडचण अशी, की तुम्ही दुसरं काही बोलतच नाही."

ओठ दाताखाली दाबून तिने वेळ मारून नेली. पण सगळं आटोपल्यावर तो ऐटीत उठला, दाराकडे निघाला... आणि गळ्यातल्या हेडफोनच्या वायरीने त्याला तसंच मागे खेचलं! तिला हसू फुटलं. क्षणभरच. त्याने ते पाहिलं, त्याचे कान लाल झाले, आणि वायर सोडवून तो निघून गेला.

एवढ्याशा हसण्याने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. आठवडाभर समजावत राहिली. जेवतानासुद्धा ते लाल कान डोळ्यांसमोर येत होते.

दुसऱ्या खेपेला तो केस नीट विंचरून आला. शहाण्या मुलासारखी उत्तरं दिली. संगणक बंद करून तिने हुश्श केलं. प्रयोगाचं गुपित सांगायला आता तिला मोकळीक होती.

"तुम्ही 'झोप' हा शब्द ऐकल्याचं सांगितलंत ना? तो नव्हताच."

"काहीतरीच काय! शपथेवर सांगितलं असतं मी."

"सगळेच सांगतात. उशी, पांघरूण, जांभई ऐकलं की मन आपलं आपणच झोप घालून मोकळं होतं."

त्याने विंचरलेल्या केसांतून हात फिरवला. मग चाचरत म्हणाला, "मग... मागच्या वेळी मी निघताना तुम्ही हसलात, तेही माझ्या मनानेच घातलं का?"

ती थबकली. 'हो' म्हटलं की सुटली. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. 'नाही' म्हटलं तर याची उत्तरं बाद, नवा माणूस शोधा, पुन्हा आठवडा थांबा. म्हणजे मुदत हुकणार आणि बाबा ज्याला त्याला सांगत सुटले होते ती पदवी सहा महिने लांबणार. आणि त्याचा विश्वास बसला असता. तिने एक शब्द उच्चारला की त्याची आठवण बिचारी मुकाट्याने खोटी ठरणार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? म्हणूनच तिची जीभ वळेना.

"हसले होते," ती म्हणाली. "नियम मोडला मी. तुमची उत्तरं आता चालणार नाहीत. प्रबंधही वेळेत होणार नाही."

तो हवालदिल झाला. "अहो, मग नाही हसलात! मी कशाला कुणाला सांगतोय? विसरून जातो हवं तर."

"नाही हं!" तिचा आवाज एकदम चढला. "तेवढं विसरायचं नाही तुम्ही. मला... तुम्ही आवडलात, म्हणून हसले."

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगून येते," ती म्हणाली. "थांबाल?"

त्याने नुसती मान हलवली.

मॅडमनी चांगलंच फैलावर घेतलं. ती बाहेर आली तेव्हा तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता. तिला पाहताच सरकला, जागा केली.

"सहा महिने लांबलं," ती म्हणाली.

"हे सहा महिने... रोज भेटलो तर चालेल?"

"चालेल." ती त्याच्या शेजारी बसली. "पण आधी मला रडून घेऊ द्या."

"घ्या की," तो म्हणाला, आणि त्याने खांदा पुढे केला.