गाणं चालू असताना कुणी हलायचं नाही

दिवा राहू दे तसाच बारीक. आणि मध्येच "काका, हे कसं शक्य आहे?" असं कुणी विचारायचं नाही. कसं शक्य आहे ते मला कळलं असतं, तर मी एवढ्या रात्री तुमच्यात बसलो नसतो, केव्हाच घोरत पडलो असतो.

आमच्या कारखान्यात एक फिटर होता. खिशात कायम पाना, म्हणून त्याचं नाव पडलं पान्या. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मला म्हणाला, "दगडवाल्याकडे येतोस का? एक लादी आणायचीय." कुणाच्या तरी ओट्यातून कापून उरलेला काळ्या दगडाचा तुकडा होता. दीड हात लांब, सव्वा हात रुंद. तो स्कूटर चालवतोय, मागे मी, आणि माझ्या मांडीवर ती लादी. त्याच्या घरी पोचेपर्यंत पायांना अशा मुंग्या आल्या की मला उतरताच येईना.

"ओटा बांधतोयस काय?" मी विचारलं.

"रेकॉर्ड प्लेअरखाली ठेवायचीय," तो म्हणाला. तोंड कारल्यासारखं कडू.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. पान्यानं लग्न केलं ते चाळिशी उलटल्यावर. वहिनी दवाखान्यात नर्स. त्यांचे आधीचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, मास्तर म्हणत त्यांना. ते आजारपणात गेले. त्यानंतर चार वर्षांनी हे लग्न. पान्या वहिनींच्याच घरी राहायला गेला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली लाकडी फळ्यांची जमीन. कुणी चाललं की फळी दबायची, प्लेअरला हादरा बसायचा आणि सुई उडून गाणं दोन ओळी पुढे. म्हणून मास्तरांनी घरात एक नियम घालून दिला होता. गाणं चालू असताना कुणी हलायचं नाही.

मास्तर गेले, पण नियम काही गेला नाही.

वहिनी ड्यूटीवरून आल्या की रोज एकच रेकॉर्ड लावायच्या. हा कारखान्यातून दमून यायचा, तर दारातूनच वहिनींचा हात वर. थांब! मग हा उंबऱ्यावर बसायचा. घशाला कोरड, पाण्याचा माठ समोर दिसतोय, पण उठायची सोय नाही. एकदा म्हणाला, "अगं, मोबाईलवर लाव ना तेच गाणं, मोबाईल काही उडत नाही." त्यावर वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्यानं मोबाईलचं नाव काढलं नाही.

मत्सर, बाबांनो. दुसरं काही नाही. मला एकदा चहा पिताना म्हणाला, "जिवंत माणसाशी भांडता येतं रे. तो म्हातारा होतो, टक्कल पडतं, रात्री घोरतो. मेलेला नवरा कधी घोरत नाही. त्याच्याशी भांडू कसा?" मी हसलो. तो हसला नाही.

शेवटी त्याच्यातला फिटर जागा झाला. मास्तरांचा नियम मोडायचा तर सुई उडणंच बंद करायचं, म्हणजे आपल्या घरात आपण हवं तेव्हा चालू. आधी प्लेअरखाली चादरीची घडी घातली, तर तो डुगडुगायला लागला, रोगापेक्षा औषध भयंकर. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवले. थोडा फरक पडला, पण टाच जोरात पडली की सुई उडालीच. तेव्हा मीच म्हणालो, अरे, कारखान्यात कॉम्प्रेसर बसवताना काय करतो आपण? खाली मऊ, वर जड. मऊ असतं ते धक्का गिळतं आणि जड असतं ते जागचं हलत नाही. त्यानं लाकडी ट्रे बनवला, त्यात चाळलेली कोरडी वाळू भरली आणि पट्टी फिरवून अगदी सपाट केली. वर आम्ही दोघांनी ती लादी अलगद टेकवली, लादीवर ट्यूबचे तुकडे आणि तुकड्यांवर प्लेअर.

संध्याकाळी वहिनी आल्या, रेकॉर्ड लागली. पान्या उठला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बूट आपटत चालला. फळ्या कुरकुरल्या, कपाटातली भांडी वाजली. गाणं मात्र लोण्यासारखं चाललेलं. तो माठापाशी गेला, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बघ!"

वहिनी रडत होत्या.

"काय झालं?"

"त्यांना हेच हवं होतं रे," वहिनी म्हणाल्या. "या गाण्यावर दोन पावलं टाकायची होती आम्हाला. एकदाच, हातात हात घेऊन. खूप उपाय केले त्यांनी. उठलो की सुई उडायची... आणि आम्ही हसून परत खाली बसायचो."

पान्याचा चेहरा मी पाहिला. एवढं सगळं केलं कुणासाठी आणि लागलं कुणाच्या नावावर! मी आपला चप्पल घालून सटकलो.

इथपर्यंतचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पुढचं पान्यानं सांगितलेलं, आणि पान्या खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. अमावस्या नव्हती हं, उगाच घाबरायची तयारी करू नका. खिडकीतून चांगलं चांदणं येत होतं. रात्री दीडच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला, उकडलं, म्हणून पान्याला जाग आली. पलीकडच्या खोलीत गाणं चालू होतं.

त्याला आधी वाटलं, वहिनीच उठल्या असतील. त्यानं हात लांबवला. वहिनी शेजारीच होत्या. गाढ झोपलेल्या. त्यानं त्यांचा हात हातात घेतला, गरम होता.

मग त्याच्या लक्षात आलं. वीज नाहीये.

गाणं चालूच...

आणि फळी वाजली. एक जड पाऊल. मग एक हलकं. पुन्हा जड, पुन्हा हलकं. खिडकीपासून कपाटापर्यंत. कपाटापासून खिडकीपर्यंत. घाई नाही. तालात.

"दोघं होते," पान्या मला म्हणाला. "आणि ही तर माझ्याजवळ होती. हात माझ्या हातात होता रे!"

भीती वाटली का, मी विचारलं. म्हणाला, वाटली. पण आधी राग आला. कशाचा, तर सुई एकदाही उडाली नाही याचा. त्याच्या हातची वाळू. त्याची लादी. आणि वर चाललेत कोण...

तो उठला. हात सोडला. पलंगावरून एक पाय खाली टाकला. एकच.

खर्रर्र.

सुई उडाली.

बूट आपटून उडाली नव्हती. त्याच्या अनवाणी पावलानं उडाली.

गाणं थांबलं. पावलंही थांबली. पलीकडे कुणीतरी उभं होतं... दिसत नव्हतं काही. पण उभं होतं. दाराकडे तोंड करून.

फळी वाजली. दाराच्या जवळची.

आणखी एक.

तेव्हा त्याच्या मागे वहिनी बोलल्या. डोळे मिटलेले. झोपेतच. पान्याला त्या अरे-तुरे करायच्या, तुम्ही ऐकलंच. पण हा आवाज निराळा होता. हळू... लाडाचा.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. तो उठलाय."

...

सकाळी सातला पान्या माझ्या दारात. दाढी वाढलेली, खिशात पाना नाही. "चल, ती लादी काढायचीय," एवढंच बोलला. गेलो. वहिनी न्हाणीघरात होत्या, पाण्याचा आवाज येत होता. आम्ही प्लेअर बाजूला ठेवला. लादीवर धुळीचा पातळ थर, म्हणजे कुणी तिला हात लावलेला नव्हता. दोन बाजूंनी दोघांनी धरली आणि उचलली.

खाली वाळू सपाट नव्हती.

तिच्यात पावलं उमटली होती. अनवाणी. एक जोडी मोठी, एक लहान. बोटांना बोटं भिडवून, समोरासमोर.

मी लादी कशीबशी भिंतीला टेकवली. दारापाशी वहिनींच्या चपला होत्या, रोजच्या, दवाखान्यात घालायच्या. पान्या गेला, एक चप्पल घेऊन आला, गुडघ्यावर बसला. वाळूतल्या त्या लहान पावलावर त्यानं ती हळूच ठेवली.

बरोबर बसली.