शेजारणीला मिळालेली चांगली वाक्यं

ताई गेल्याचं कळलं तेव्हा सेटवरचे दिवे लागलेले होते आणि सकाळचा चहा यायचा होता. व्यवस्थापकाने फोन ऐकला, खिशात ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "ताई पहाटे गेल्या. झोपेतच." हिरो होता तिथेच, मालिकेतल्या आपल्या घरातल्या सोफ्यावर मटकन बसला. 

ताई त्या विनोदी मालिकेत हिरोची बायको व्हायच्या. कमरेवर हात ठेवून नवऱ्यावर संशय घ्यायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. ते त्यांनी इतक्या मायेने केलं होतं की लोक त्यांना आपल्या घरातलंच माणूस समजत.

एक नवी मुलगी मात्र त्या सेटवर त्याच दिवशी पहिल्यांदा आली होती. काम दोन वाक्यांचं. बँकेतली बाई दारात येते, "इथे सही करा" म्हणते, "धन्यवाद" म्हणते आणि जाते. आता सगळे डोळे पुसत होते आणि तिला कुणी थांबही म्हणेना, जाही म्हणेना. रडणाऱ्या माणसांत परक्याने उभं तरी कुठे राहायचं? समोर एक दार दिसलं. ती ते उघडून आत शिरली आणि दार हळूच लावून घेतलं.

आत घर नव्हतंच. प्लायवूडची उघडी पाठ, जमिनीवर वायरींचा गुंता, काळा पडदा आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीवर एक माणूस मांडीवर कोरे कागद घेऊन बसला होता. त्याने घाईघाईने बाहीला तोंड पुसलं.

"हे शेजारचं घर आहे," तो म्हणाला. "इथे कोणी राहत नाही."

"मग तुम्ही?"

"मी... लेखक."

ती माफी मागून वळली, तर त्याने उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. एकच खुर्ची, तेव्हा तो वायरींमध्येच उभा राहिला. त्याच्यावरचं संकट त्याने न विचारताच सांगितलं. चॅनल थांबायला तयार नव्हतं. बायको माहेरी गेली असं दाखवा, आजच्या आज नवा सीन लिहा आणि लोकांना हसवा, असा निरोप होता. त्याच्या हातून एक ओळ उतरत नव्हती.

"समजा, बायको घरात नाही," तो म्हणाला. "शेजारीण दार वाजवते. काय म्हणेल ती?"

तिला वाटलं, परीक्षाच घेतोय. घाबरून जे सुचलं ते ती बोलून गेली. "म्हणेल... आज भांडण ऐकू आलं नाही, म्हणून काळजी वाटली."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने ते वाक्य लिहून घेतलं. लिहिताना त्याचे डोळे पुन्हा भरून आले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ते वाक्य तिनेच म्हटलं. दिग्दर्शकाने मान हलवली. बँकेतली बाई गेली आणि ती मालिकेतली शेजारीण झाली.

मालिकेत हिरोला एक धाकटा भाऊ होता. त्याला काम एकच, प्रेमात पडायचं. शेजारीण लवकरच त्याच्या वाट्याला आली. आता धाकट्याच्या विनोदावर हसायचं, दुसरी मुलगी दिसली की फणकारायचं आणि सोपी गोष्ट उशिरा समजायची. शेजारणीला आडनाव नव्हतं, नोकरी नव्हती, आई-बाप नव्हते. घर म्हणून एक दार होतं, ते आधी सांगितलंच.

मेकपच्या मावशींनी तिला या घरची रीत समजावली. धाकट्याच्या कितीतरी मुली त्यांनी आपल्या हाताने रंगवल्या होत्या. एक नर्स, एक विमानातली, एक गाणारी. सगळ्या आल्या तशा गेल्या. मावशींचं म्हणणं असं की, मुलगी जायची झाली की आधी तिची वाक्यं सुधारतात. एकदम शहाणी होते, मनाचं बोलते, बघणाऱ्याचा गळा दाटतो. आणि पुढच्या भागात तिची बदली होते नाहीतर परदेशातून बोलावणं येतं.

"वाक्यं वाईट आहेत तोवर खुशाल राहा," मावशी म्हणाल्या. "चांगली आली की समज, बाई, सामान बांध."

हे तिच्या मनात जे रुतलं ते रुतलं. घाबरायला कारणही होतं. अभिनयात नशीब अजमावायला तिने घरी मोठ्या मुश्किलीने मुदत मागून घेतली होती. हे काम सुटलं की दादा त्याच्या ऑफिसात चिकटवणार, हे ठरलेलं. शिवाय मावशी म्हणाल्या तसं तिच्या बाबतीत एकदा घडूनही गेलं होतं. जमलेलं लग्न मोडलं त्याच्या आधीचा आठवडा, तो मुलगा कधी नव्हे इतका गोड वागला होता. तिला नवं पुस्तक दिलं, तिच्या आईची विचारपूस केली. मग मध्यस्थाचा फोन आला. तेव्हापासून कोणी फार चांगलं वागायला लागलं की ती पुढच्या फोनची धास्ती घ्यायची.

तरी त्या दारामागे तिचा जीव रमला. लेखकराव, सगळे त्याला असंच चिडवत, दुसरी खुर्ची घेऊन आले. पलीकडे सीन चालू असायचा आणि अलीकडे दोघं कुजबुजत बसायची. तो तिला विचारायचा, आज बसमध्ये काय ऐकलंत? ती सांगायची आणि तोंडावर हात ठेवून दोघं हसायची. त्याचं हसणं आधी खांद्यांत दिसायचं. ती ते बघायला विनोद जमवून आणायला लागली.

एकदा तिने तक्रार केली. ती दार उघडते तेव्हा मागे नुसता काळोख दिसतो. लोकांना वाटत असेल, शेजारणीची वीज कापलीय. दुसऱ्या दिवशी पडद्यापुढे एक दिवा लागला होता, पिवळ्या टोपीचा. त्याच्याखाली छोटं टेबल आणि टेबलावर एक कप.

"कपात काय आहे?" तिने विचारलं.

"चहा. तुम्ही घरी एकट्या असता तेव्हा तो पिता."

"आणि काय करते मी, घरी एकटी?"

"तेच तर विचार करतोय..." तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

त्याच आठवड्यात ते पान आलं. धाकटा म्हणतो, तुझ्याशिवाय मला करमत नाही. यावर शेजारणीने आजवर लाजून आत पळायचं. पण पानावर लिहिलं होतं, "मला करमतं. तरी तू आलास तर दार उघडीन."

तिने ते दोनदा वाचलं. फार सुंदर होतं. म्हणजे सामान बांधायची वेळ आली. मावशींनी पान वाचलं आणि पावडर जरा जास्तच प्रेमाने लावली. 

तिने वाक्य म्हटलं, छान म्हटलं, आणि खुर्ची उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात नेली. लेखकरावांशी बोलणं कामापुरतं ठेवलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण जास्त धीट लिहिलं, बाईंना राग आला. राग जावा म्हणून पुढच्या आठवड्यात त्याने आणखी छान लिहिलं. शेजारणीला घड्याळदुरुस्तीचं दुकान मिळालं. शेजारीण धाकट्याला म्हणाली की हसवतोस ते ठीक, पण कधी माझंही ऐकत जा. आगीत तेलच ते. तो मन लावून लिहायचा आणि इकडे तिची झोप उडायची. व्यवस्थापक जिन्यात हसला तरी तिला घाम फुटे. शेवटी तिने दादाला फोन करून ऑफिसातली जागा अजून आहे का, म्हणून विचारलं. काय झालं गं, म्हणाला. काही नाही, म्हणाली आणि फोन ठेवल्यावर रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे धाकट्याचा लांबलचक सीन चालू होता. तो सोफ्यावरच्या उशीसमोर मागणी घालायचा सराव करत होता. ती आपली खुर्ची घेऊन लेखकरावांसमोर येऊन बसली.

"मला कधी काढताय ते एकदा सांगून टाका," ती कुजबुजली.

"काढतोय? कोण म्हणालं?"

"तुम्हीच. दर आठवड्याला लिहून देताय."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. मग त्याने खालच्या आवाजात सांगितलं. मुलींना काढतं चॅनल, त्याला फक्त आधी कळतं. जाणारीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तो जाता जाता एक बरा सीन देतो. तेवढंच त्याच्या हातात. ताई मात्र कधी जाणार नव्हत्या, त्यामुळे त्यांना काही मिळालंच नाही. चेष्टेत म्हणायच्या, लेखकराव, एखादं शहाणं वाक्य आमच्याही वाट्याला येऊ दे. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात नक्की.

"म्हणून ठरवलं, आता कोणी जायची वाट बघायची नाही," तो म्हणाला.

"म्हणजे दया आली माझी."

"दया..." पलीकडे धाकटा उशीपुढे गुडघे टेकत होता. "धाकट्याची वाक्यं लिहायला बसतो आणि ती सगळी माझीच होतात. याला दया म्हणत असतील तर म्हणा."

 भीती गेली नाही. पोटातली उठून छातीत येऊन बसली.

"मग माझी वाक्यं वाईट लिहा," ती म्हणाली.

"काय?"

"खरंच मी आवडत असेन तर वाईट लिहा. अगदी टाकाऊ. चांगली वाचली की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेते."

"हे मला आजवर कुठल्या मुलीने सांगितलं नव्हतं."

"किती जणींना लिहिलीत?"

"धाकट्यासाठी बऱ्याच." त्याने कान खाजवला. "माझ्यासाठी... तुम्ही पहिल्याच."

पुढच्या भागात घड्याळाचं दुकान नाहीसं झालं. शेजारीण मान तिरकी करून म्हणाली, "अय्या, म्हणजे पंखा बंद केला की वारा बंद होतो होय!" हे वाचून मावशी कळवळल्या. ती मात्र पान छातीशी धरून फिरत होती. दर आठवड्याला वाक्यं जास्त जास्त भिकार होत गेली आणि दर आठवड्याला तिला जास्त आनंद होत गेला. कॅमेरा चालू असताना मध्येच तिला हसू फुटायचं. दिग्दर्शक वैतागायचा. दाराच्या फटीतून एक डोळा बघत असायचा आणि तिला कळायचं की हे वाक्य त्याने किती जीव लावून बिघडवलंय. एवढं बेफिकीर तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली. दादाची लेक शाळेचा गृहपाठ करत बसली होती. वहिनीने हिशेब विचारला. पोरीला तो येत होता, आत्याला माहीत होतं, तिनेच शिकवला होता. पण पोरीने मान तिरकी केली, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "अय्या, मला कुठे एवढं कळतं!" घर हसलं. पोरगी कौतुकाने आत्याकडे बघत होती.

ती हसली नाही. ती तशीच उठली. ही भीती वेगळी होती आणि आधीच्या भीतीपेक्षा जड होती.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तिने त्याला आवारात गाठलं. तिथे जुन्या मालिकांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या होत्या. कुणाच्या स्वयंपाकघराच्या, कुणाच्या दवाखान्याच्या. ताज्या रंगाचा वास येत होता.

"उद्यापासून चांगली लिही," ती म्हणाली.

तो थांबला. "आज मला 'तू' म्हणालीस."

"लिहिशील का ते सांग."

"आणि काढलं तर?"

तिने भाचीची गोष्ट सांगितली.  काढलं तर दादाचं ऑफिस आहेच, म्हणाली. भीती वाटायची ती वाटेलच, तिला काय करणार. पण त्या पोरीने आपल्याकडून हे शिकायला नको.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लिहितो. पण मी त्या दिवशी सांगितलं त्याचं काय?"

"तू सांगितलंस. विचारलं कुठे होतंस?"

"मग आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

एवढा वाक्यं लिहिणारा माणूस, पण याहून साधं काही त्याला सुचलं नाही. तिने तोंड उघडलं... आणि तिला तो दुसरा आठवला, नवं पुस्तक देणारा, आईची विचारपूस करणारा. समोरचा माणूस तसा नाही हे तिला ठाऊक होतं. तरी 'हो' तोंडातच राहिलं. तिने त्याची बाही धरली, ती गेटपर्यंत सोडली नाही. बस आली तेव्हा सोडावी लागली.

घड्याळाचं दुकान पुन्हा उघडलं. शेजारीण आता आपल्या घरात बसून काम करताना दिसते आणि धाकट्याला दारात ताटकळत ठेवते. चॅनलकडून अजून 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. व्यवस्थापकाचा फोन वाजला की ती अजून दचकते आणि दारामागे तिचा हात आपोआप त्याच्या बाहीकडे जातो. तो काही विचारत नाही.

त्याला हो म्हणायचं तिचं अजून राहिलं आहे.