रंग आला नाही

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून आपापसांत "काकांनी मस्त थाप मारली" म्हणायचं नाही. आणि ए, तो मोबाईल उलटा ठेव. तोंडावर उजेड पडला की माणूस ऐकतो कमी आणि हसतो जास्त.

आमच्या पाणी-ड्रेनेजच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. आम्ही त्याला शिक्का म्हणायचो. नळजोड हवाय, जा शिक्क्याकडे. रस्ता खोदायचाय, जा शिक्क्याकडे. जुनं घर पाडायचंय, त्याचं ड्रेनेज बंद करायचंय, तरी त्याच्याचकडे. परवानगी देणारा माणूस म्हणजे काय, अख्ख्या गावाचा जावई! पण हा पठ्ठ्या जागेवर जाऊन बघितल्याशिवाय सही करायचा नाही. मी चिडवायचो, "अरे, तुला काय मेडल मिळणार आहे?" तो म्हणायचा, "मेडल नको रे. घरी जेवण मिळालं पाहिजे."

त्याला कारण होतं. त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच लाईनवर होता. चेंबरमध्ये उतरणारा. आई लवकर गेली, म्हणून त्या पोराला बहिणीनंच लहानाचं मोठं केलेलं. तिला स्वतःला मूलबाळ नाही. जीव होता तो तिचा. ती शिक्क्याला बजावायची, "अहो, तुमची सही असल्याशिवाय त्याला खाली उतरू देऊ नका हं." हाही मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "माझ्या सहीशिवाय तो एक पायरी उतरत नाही." त्या भरवशावर ती बाई रात्री झोपायची.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. फेब्रुवारीतला दुसरा बुधवार. चंद्र उशिरा उगवणार होता. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत टोकाला एक घर होतं, कितीतरी दिवस बंद. एक म्हातारं जोडपं राहायचं, दोघंही गेली. नळ कापलेला, वीज कापलेली. सकाळी घर पाडायला मशीन येणार होतं, त्याआधी ड्रेनेजचं तोंड लिंपायचं होतं. लिंपायला उतरणार होता मेहुणा.

आता आमच्याकडची रीत ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. घराच्या सिंकमध्ये बादलीभर हिरवा रंग ओतायचा आणि बाहेर रस्त्यावरच्या चेंबरपाशी जाऊन बसायचं. चेंबरमध्ये रंग आला, तर लाईन जिवंत. जिवंत लाईनवर माणूस उतरवायचा नाही. रंग नाही आला, तर लाईन मेली. मग खुशाल उतरा, तोंड लिंपा, वर या. हे काम रात्रीच करतात, कारण दिवसा सगळ्या गल्लीचं पाणी वाहत असतं, त्यात रंग कुठला दिसायला!

शिक्का जेवून निघाला. स्कूटरला पाण्याचा कॅन, खिशात रंगाची बाटली. एकटाच. बायको म्हणाली, "स्वेटर घाला." घातला.

कुलूप काढून आत गेला. स्वयंपाकघरात सिंक होतं, पण नळ नव्हता. नळ काढून भिंतीतल्या भोकाला बूच मारलेलं. त्यानं रंग कालवला, ओतला. गुडुप झाला. बाहेर येऊन चेंबरचं झाकण सरकवलं आणि टॉर्च मारून बसला. खाली सगळं कोरडं. त्या घराचा पाइप चेंबरच्या भिंतीत उघडा दिसत होता. त्याच्या तोंडाला कोळिष्टकं.

बसला... बसला. रंग काही येईना. चला, मेली लाईन, असं म्हणून उठणार, तेवढ्यात घरात भांड्याचा आवाज झाला.

आधी त्याला वाटलं, मांजर असेल.

मग नळ सुटल्याचा आवाज. धो धो. आणि घासणीचा... खर्र, खर्र.

"कोण आहे आत?"

नळ थांबला. आतून बाईचा आवाज आला. म्हातारा, अगदी साधा. "थांबा हो भाऊ. एवढी भांडी होऊ देत."

घाबरला नाही तो. खरं सांगतो, चिडला! कुणीतरी घुसून राहतंय, असं त्याला वाटलं. तरातरा आत गेला. टॉर्च फिरवली.

कुणी नाही.

भिंतीत बूच तसंच. सिंक कोरडं. जमिनीवर धूळ, आणि धुळीत पावलं... फक्त याची.

"आजी?"

...

बाहेर चेंबरमध्ये पाणी पडत होतं.

तो धावत आला. त्याच पाइपातून पाणी येत होतं. चांगली मनगटाएवढी धार. कोळिष्टकं वाहून गेली. आणि पाणी कसं? स्वच्छ. पिण्याच्या पाण्यासारखं. आत्ताच आत एवढा रंग ओतलाय, आणि पाण्यात हिरव्याचा टिपूस नाही.

बघत राहिला. मग धार बारीक झाली. थांबली.

आता पोरांनो, तुम्ही असता तर काय केलं असतं? "पळालो असतो," म्हणा, लाजू नका. शिक्का पळाला नाही. तो स्कूटरवर बसला, टॉर्च तोंडात धरली आणि परवानगीचा कागद काढला. त्यावर एकच प्रश्न असतो. रंग दिसला का?

पाणी दिसलं का, असा प्रश्नच नाही. बाईचा आवाज आला का, असाही नाही. आणि लिहिलं असतं तर? अख्खं ऑफिस हसलं असतं. सगळ्यात आधी मी हसलो असतो. त्यानं लिहिलं, "नाही." खाली सही केली. एक अक्षर खोटं लिहिलं नाही माणसानं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बायकोनं विचारलं, "झालं ना नीट?" म्हणाला, "झालं."

सकाळी तो स्वतः तिथे जाऊन उभा राहिला. मेहुणा हसत आला. शिक्का म्हणाला, "अरे, आज राहू दे का? दुसऱ्या कुणाला..."

"का हो भाऊजी? सही झालीय ना तुमची?"

"झालीय."

"मग झालं तर!"

उतरला.

वर बिगारी होता, घमेल्यातून माल खाली देणारा. शिक्का चेंबरच्या काठाशी वाकून बघत होता. पोरगं गुणगुणत काम करत होतं. पहिला थर लिंपला. दुसरा मागितला. बिगारी घमेलं भरायला वळला...

आणि बंद घराकडून आवाज आला. बिगाऱ्यानंही ऐकला. हा काही एकट्या शिक्क्याच्या डोक्यातला खेळ नाही. बाई म्हणाली, "झाली बघा भांडी. सोडते हं पाणी."

शिक्का ओरडला. "वर ये! वर ये रे!"

पाणी आलं नाही. काही आलं नाही. पोरानं नुसती मान वर केली, तोंड उघडलं, आणि खाली बसलं.

दोघांनी ओढून बाहेर काढलं. कपडे कोरडे. केस कोरडे. चेंबर ठणठणीत. हॉस्पिटल गल्लीपलीकडेच, उचलून नेलं, पण... डॉक्टर म्हणाले, बुडून गेलाय. छातीत पाणीच पाणी. मी तिथे पोचलो तेव्हा शिक्का बाकावर बसला होता, आणि त्यानं हे सगळं मला असंच्या असं सांगितलं. मी हसलो नाही.

चौकशी झाली. कागद बघितला. रंग दिसला नाही, सही आहे, नियमाप्रमाणे आहे. सुटला. असं सुटण्यापेक्षा अडकला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

महिन्याभरानं एका रात्री जेवताना बायकोनं विचारलं. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"रंग आला नव्हता ना?"

"नव्हता. तुझी शपथ."

तिनं मान हलवली. ताटं उचलली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आणि पाणी?"

...

त्यानं पुढ्यातला पाण्याचा पेला दूर सारला.

तिनं ताटं खाली ठेवली. आवाजसुद्धा केला नाही. पहाटे घर सोडून गेली, ती आली नाही. शिक्क्यानं राजीनामा दिला. स्वतःच्या घराचा नळजोड स्वतःच्या हातानं कापला. नळ काढले, सिंकखालचा पाइप काढून फेकला, किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "वीक नाहीतर पाड." कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. मी खूप शोधलं.

गेल्या आठवड्यात गिऱ्हाईक बघायला येणार होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी घर उघडून ठेवायला गेलो. इतक्या दिवसांत कुणी पाऊल टाकलेलं नाही. धूळ ही एवढी. खोल्या बघितल्या. स्वयंपाकघरात गेलो.

सिंक भरलेलं होतं.

काठोकाठ. पाणी स्वच्छ, हलत नव्हतं. तळाचं भोक उघडं दिसत होतं. बूच नाही, काही नाही. मी खाली वाकलो. पाइप नव्हताच. त्या भोकातून टॉर्च मारली, तर उजेड पाण्यातून आरपार जाऊन छताला लागला. थेंब गळत नव्हता.

मी उठलो. बोट बुडवलं.

कोमट होतं... कुणीतरी आत्ताच हात बाहेर काढावेत, तसं.