खाली येणारं झुंबर

दिवाणखान्याच्या एका खिडकीपासून समोरच्या खिडकीपर्यंत दोरा ताणून त्यावर कागदी चांदण्या अडकवायच्या, हा बेत ढब्बूचा. उरलेली सगळी मेहनत मात्र फुटपट्टीच्या वाट्याला आली. फुटपट्टी म्हणजे ढब्बूची मावसबहीण. वय तेरा, उंची वयाच्या मानाने जरा जास्तच, आणि अंगावर मांस नावालाही नाही. म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. सुट्टीत ती मावशीकडे राहायला आली होती. शुक्रवारी दुपारी आजीच्या पंचाहत्तरीचं जेवण होतं आणि सजावटीची जबाबदारी मुलांनी मागून घेतली होती.

खरं तर मावशीच्या नव्या घराला सजावटीची गरजच नव्हती. दिवाणखान्यातल्या जेवणाच्या लांब टेबलावर एक भलंमोठं काचेचं झुंबर लटकत होतं. तीन मजली, शेकडो लोलकांचं. दिवे लावले की भिंतींवर रंगांचे तुकडे थरथरायचे. घर सजवणाऱ्या माणसाने ते पंधरा दिवसांपूर्वी बसवलं होतं. तो घरातही काळा चष्मा काढत नसे, म्हणून मुलं त्याला गॉगलवाले म्हणत. झुंबराची वायर जोडली होती फुटपट्टीच्या बाबांनी. ते इलेक्ट्रिशियन होते आणि वर्षभर गॉगलवाल्यांकडचीच कामं करत होते.

मंगळवारी दोरा बांधला तेव्हा झुंबराचा सगळ्यात खालचा लोलक दोऱ्याच्या वीतभर वर होता. बुधवारी सकाळी फुटपट्टी चांदण्या लावायला शिडीवर चढली, तर मध्ये जेमतेम चार बोटं उरली होती.

"दोरा सैल पडला असेल," ढब्बू म्हणाला.

"सैल पडला तर दोरा खाली येईल. मग अंतर वाढायला हवं. हे कमी झालंय."

ढब्बूने थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याची धाकटी बहीण बडबडी हे सगळ्यांना सांगायला पळणार, तोच फुटपट्टीने तिचा हात धरला. एवढ्यात कुणाला काही बोलायचं नाही, आधी नीट बघू, असं तिने दोघांना बजावलं. कारण मात्र सांगितलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. त्या छताला बाबांचा हात लागला होता. चूक त्यांचीच निघाली तर?

गुरुवारचा अख्खा दिवस तिने तसाच काढला. जेवणात लक्ष नव्हतं. पत्ते खेळताना ती चक्क बडबडीकडून हरली, तेही तीनदा. संध्याकाळी बघितलं तर लोलक आणि दोरा यांच्यात एक बोट उरलं होतं. टेबलावर पांढरी भुकटी पडली होती. मावशीने ती फडक्याने पुसली आणि नव्या घरात धूळ फार, असं पुटपुटत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी लोलक दोऱ्याला टेकला होता.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. माळ्यावर झुंबराचं खोकं होतं. ढब्बूने ते उपसलं तेव्हा तळाशी एक पिशवी सापडली. आत बोटाएवढे जाड चार बोल्ट, आणि पिशवीचं तोंडही फोडलेलं नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: वजन बेचाळीस किलो, मूळ सिमेंटच्या छतालाच टांगावे.

"मग ते लटकतंय कशाच्या आधारावर?" ढब्बूने विचारलं.

खोलीला सिमेंटच्या छताखाली सजावटीचं खोटं छत होतं. भिंतीलगत त्यात दिव्यासाठी एक गोल भोक पाडलेलं होतं, दिवा अजून बसवायचा होता. ते झुंबरापासून दूर होतं. टेबलाकडे कुणी फिरकायचं नाही असा दम देऊन फुटपट्टी शिडीवर चढली. ढब्बूचा जुना फोन तिने भोकातून आत घातला आणि अंदाजाने फोटो काढला.

फोटोत सगळं स्वच्छ दिसत होतं. झुंबराचा हूक खोट्या छताच्या एका लाकडी पट्टीत बसवला होता. पट्टी उभी चिरली होती आणि तिचे स्क्रू अर्धे बाहेर आले होते. त्याच पट्टीवरून एक वायर गेली होती. दर वीतभर अंतरावर तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, प्रत्येक ठिकाणी तीन वेढे, अगदी सारखे. अशी वायर बांधणारा एकच माणूस तिला माहीत होता.

म्हणजे बाबांनी ही पट्टी बघितली होती.

ती शिडीवरून उतरली. फोटो पुसून टाकायला एक क्षण पुरला असता. पण टेबलाच्या मधोमध, बरोबर झुंबराखाली, आजीची खुर्ची मांडलेली होती. फुटपट्टी फोन घेऊन थेट काकांकडे गेली.

काका, म्हणजे ढब्बूचे बाबा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांच्या गडबडीत होते. शेजारी गॉगलवाले उभे होते, आपल्या कामाचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी फोनकडे ओझरतं पाहिलं आणि हसले. साखळी नवी असली की जरा लांबतेच, मुलांना यातलं काय कळतं, असं ते म्हणाले. काकांनीही मान डोलावली आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नका म्हणून मुलांनाच झापलं.

तरी फुटपट्टी गॉगलवाल्यांना म्हणाली, "मग तुमचाच एक फोटो काढू या. आजीच्या खुर्चीत बसा."

ते खरंच बसायला निघाले असते, तर तिने त्यांचा हात धरून मागे ओढलं असतं. पण ते जागचे हलले नाहीत. "नको," ते म्हणाले. "इथूनच चांगला येतो." आणि बोलता बोलता दोन पावलं मागे, दाराकडे सरकले.

काकांनी ते पाहिलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि या वेळी फोटो नीट निरखला. मग त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "सगळे बाहेर."

दिव्यांचं बटण बंद झालं, खोलीचं दार लागलं. पानं मागच्या अंगणात मांडायचं ठरलं. गॉगलवाले कुणाला न सांगता निघून गेले. फुटपट्टीचे आईबाबा नुकतेच फाटकातून आत येत होते, तेवढ्यात घरातून आवाज झाला. काचेची अख्खी बाजारपेठ कोसळावी तसा. काकांनी दार उघडलं. टेबल मधोमध मोडलं होतं आणि आजीची खुर्ची काचांखाली दिसतही नव्हती.

मावशी मटकन खाली बसली. काकांनी फुटपट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना म्हणाले, "साडू, तुमच्या लेकीने आज घर वाचवलं."

ती खालीच बघत राहिली. फोनमधल्या वायरबद्दल ती अजून कुणाशीही बोलली नव्हती. बोलले ते बाबाच.

"ती पट्टी मी पाहिली होती," ते म्हणाले. "मी त्या सजावटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तुझं काम वायरपुरतं. मला पुढचं काम हवं होतं. मी ऐकून घेतलं."

काकांचा चेहरा लाल झाला होता. शेवटी आजी पुढे आली. तिने आधी नातीला जवळ घेतलं. "मोठ्यांनी गिळलेला शब्द या पोरीने बोलून दाखवला," ती म्हणाली. मग फुटपट्टीच्या बाबांकडे वळली. "तुम्हीही बोललात, पण उशिरा बोललात. त्या माणसाने आणखी किती घरांत अशी झुंबरं टांगलीत?"

"वायर मी जोडलीय अशी तीन घरं आहेत."

"मग उभे का? जेवण थांबेल."

बाबांनी काकांच्या कपाटातून स्क्रू ड्रायव्हर आणि विजेरी घेतली. लेकीकडे त्यांना धड बघवत नव्हतं. फाटकापाशी ते थांबले, मागे वळले आणि हळूच विचारलं, "येशील माझ्याबरोबर?"

फुटपट्टीच्या मनातला राग अजून गेला नव्हता. पण तिने ढब्बूचा फोन मागून घेतला, शिडीचं एक टोक उचललं आणि दुसरं बाबांनी उचलायची वाट बघत उभी राहिली.