देवश्रीचे आकडे

एकाच दुखण्यावर सारखाच पट्टा बांधला, तर एकीचा गुडघा बरा व्हावा आणि दुसरीचा ठणकतच राहावा, हे कसं? अकरा वर्षांच्या इरावतीला या कोड्याचं उत्तर नकोच होतं. तिला देवश्रीचा गुडघा हवा होता.

दोघी साताऱ्याच्या एकाच आखाड्यात दोरीचा मल्लखांब करत. दोघींना सांध्यांचा तोच आजार, आणि दोघींना एकाच दिवशी शामकपट्टा (दुखण्याचा मेंदूकडे निघालेला निरोप सौम्य विजेनं मंद करणारं यंत्र) मिळाला. आठवडाभरात देवश्री दोरीवर सरसर चढू लागली. इरावतीचा नुसता जळफळाट झाला. शनिवारी संघाची निवड होती, आणि सरासरी दुखणं चारच्या खाली असलेल्या मुलींनाच दोरीवर सोडणार होते. मग बाईसाहेबांनी काय करावं? दुखण्याच्या वहीत शून्य ते दहातला स्वतःचा आकडा लिहायचा, तर रोज गुपचूप देवश्रीचा उतरवला.

उपचार केंद्रातला नोंद्या नावाचा यंत्रमानव वह्या तपासायचा.

"रविवारी सहा?" त्यानं विचारलं. "रविवारी देवश्री दोरीवरून घसरली होती. तू तर घरीच होतीस."

इरावतीचा चेहरा खर्रकन उतरला. "तिला गुण येतो, मला नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय ना?"

"नाही गं. पट्ट्याची चाचणी (उपाय पुष्कळ जणांवर करून, न केलेल्यांशी तुलना करणं) झाली, तेव्हा दहातल्या सहांना आराम पडला. म्हणून सुरुवात त्यानं केली. तू उरलेल्या चारांतली असशील."

"असेन म्हणजे?"

"दुखणं आपोआपही कमीजास्त होतं. एका आठवड्यावरून ठरवायचं नाही. आता आठ आठवडे मी पट्टा कधी चालू ठेवीन, कधी बंद. त्यातली वीज जाणवत नाही, त्यामुळे तुला कळणार नाही. तू रोज खरा आकडा लिही. फरक दिसला नाही, तर दुसरा उपाय. अजून तीन आहेत. पण खोटं लिहिलंस, तर निरुपयोगी पट्टा मी वर्षभर बांधत बसेन."

"म्हणजे शनिवारी मी नाही."

"शनिवारी नाही."

शनिवारी ती आखाड्याच्या कडेला बसली. देवश्री दोरीच्या टोकाला पोहोचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इरावतीनंही वाजवल्या, पण हळू. मग तिनं वही उघडून लिहिलं: गुडघा, सात. त्याखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी: हेवा, दहा.

नोंद्यानं वही पाहिली. "दोन्ही आकडे तुझेच दिसतात," तो म्हणाला. "आता कामाला लागता येईल."