शाब्बासकी न आलेला मेल

माझी छत्री हरवली होती, म्हणून मी फसले. एरवी मी फसत नाही. फसवे मेल पकडणं हीच माझी नोकरी आहे.

'आपली छत्री रिसेप्शनवर जमा आहे, ओळख पटवण्यासाठी इथे क्लिक करा' असा मेल आला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता... केलं क्लिक. लगेच स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'हा सराव होता. खरा भामटा असता तर तुमचा पासवर्ड गेला असता.'

मी तरातरा खाली रिसेप्शनवर गेले. "हे सरावाचे मेल कोण पाठवतं हो? एकदा तोंड बघायचंय मला त्याचं."

"बघा," पाऊस थांबायची वाट बघत उभा असलेला एक उंच माणूस म्हणाला. नवीनच लागला होता तो. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांत नको तितकी मजा. "छत्री सगळ्यांचीच हरवलेली असते. तुमच्या टीममधून क्लिक मात्र तुम्ही एकट्यांनीच केलंत."

त्यानं हातातली छत्री माझ्या हातात ठेवली.

"ही खरी आहे. क्लिक करावं लागत नाही."

आणि स्वतः भिजत निघून गेला. त्या दिवसापासून माझं चित्त काही थाऱ्यावर नाही.

माझं काम तसं साधं आहे. आदल्या दिवशी फिल्टरच्या जाळ्यात अडकलेले मेल वाचायचे आणि ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये टाकायचे. लॉटरी, खोटी बँक, अडकलेलं पार्सल, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, तातडीनं पैसे भर', आणि प्रेमाचं आमिष. कुठला प्रकार वाढतोय, कुठला नव्यानं आलाय, ते बघून इशारा काढायचा. चुकून एखादा खरा मेल अडकला, तर त्याला फोल्डर नाही. तो ज्याचा असेल त्याला परत पाठवायचा. दिवसभर हेच केल्यावर माणसाचं काय होणार? घरी दादा मला शंकासूर म्हणतो.

आणि पडले कुणाच्या प्रेमात, तर खोटे मेल लिहिणाऱ्याच्या!

तो मसुदे आणि दोन चहा घेऊन माझ्या टेबलाशी यायचा, खुर्ची ओढून बसायचा. मी चुका काढायची.

"इतकं गोड कुणी लिहितं का? लगेच संशय येतो."

"तुला कशाचा येत नाही?"

"तुझ्या चहाचा. तेवढा खरा असतो."

"थांब," तो हसून म्हणाला. "आता असा मेल लिहितो, की तू डोळे मिटून फसशील."

तेव्हा मीही हसले होते. मग रिसेप्शनवरच्या बाईंकडून कळलं, त्याला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात मोठी जागा देताहेत, गुरुवारी आमच्या विभागाच्या मॅडमना उत्तर द्यायचंय. त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही... काय म्हणून विचारणार?

बुधवारी दुपारी त्याचा मेल आला.

'उद्या जेवणाच्या सुट्टीआधी गच्चीवर ये. एक विचारायचंय. नंतर उपयोग नाही. कुणाला सांगू नकोस.'

आधी काळीज लक्कन हललं. मग शंकासूर जागा झाला. घाई आहे, गुपित आहे, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय... लक्षणं तर सगळीच जुळत होती. मी गच्चीवर जायची, आणि तो हसत म्हणायचा, फसलीस ना? त्या हसण्याची मला इतकी भीती वाटली, की मी 'रिपोर्ट'चं बटण दाबून टाकलं.

संध्याकाळी भाजी निवडताना वहिनीनं ओळखलंच. "काय झालंय? देठं पातेल्यात टाकतेयस."

"एकानं बोलावलंय. खरं की थट्टा, कळत नाही."

"मग त्यालाच विचार की."

"आणि थट्टा असली तर?"

"तर त्याची अब्रू जाईल. तुझी कशी?" वहिनी देठं वेचत म्हणाली.

गुरुवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅडमनी पडद्यावर तोच मेल लावला. पाठवणाऱ्याचं नाव मशीनच झाकतं, एवढं नशीब.

"प्रेमाचं आमिष, आणि तेही आपल्याच ऑफिसच्या पत्त्यावरून," मॅडम म्हणाल्या. "नवीन प्रकार दिसतोय. पत्ता ब्लॉक झालाय."

सगळ्यांनी वाचलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. तो टेबलाकडे बघत होता, कान लालबुंद झालेले.

आणि तेव्हा कुठे मला आठवलं. सरावाचा मेल रिपोर्ट केला, की लगेच शाब्बासकी येते, 'बरोबर ओळखलंत' म्हणून. दर वेळी येते. काल आलीच नव्हती.

म्हणजे मेल खरा होता. आणि माझं उत्तर त्याला मिळालं होतं, भर मीटिंगमध्ये, भल्यामोठ्या अक्षरांत.

मीटिंग संपताच तो मॅडमच्या मागोमाग केबिनमध्ये गेला. मी फोन लावला, तर तो त्याच्या टेबलावरच वाजत राहिला. काचेतून दिसत होतं. मॅडमनी कागद पुढे सरकवला. त्यानं खिशातून पेन काढलं... आम्ही सगळ्या जगाला सांगतो, शंका आली तर मेलला उत्तर देऊ नका, माणसाला गाठा, तोंडानं विचारा. जगाला सांगणं सोपं असतं.

मी दार ढकललं.

"मॅडम, एका मेलची पडताळणी राहिलीय."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर उपयोग नाही."

त्यानं मान वर केली. मी त्याच्याकडे वळले. "कालचा तो मेल... सराव होता?"

"शाब्बासकी आली का तुला?"

"नाही."

"मग?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सरावाचे मेल मी दहादा वाचून पाठवतो. हा एकदाही वाचला नाही. वाचला असता तर पाठवायची हिंमतच झाली नसती."

"काय विचारायचं होतं?"

त्यानं मॅडमकडे बघितलं. मॅडम एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"जाऊ की राहू... एवढंच."

"राहा," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. छत्री दिलीस तेव्हापासून. घाबरले, म्हणून रिपोर्ट केलं."

त्यानं पेनाला टोपण लावलं. मॅडमनी कागद ओढून घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि चष्मा पुसत माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे हा मेल प्रेमाच्या आमिषातून काढायला हवा. आता टाकायचा कुठे?"

"कुठेच नका टाकू, मॅडम," मी म्हणाले. "परत पाठवा. माझा आहे तो."