वस्तादांनी सांगितलेली वेळ

"दुखायला केव्हा लागलं?" परिचारिकेनं विचारलं.

रुद्रनं तोंड उघडायच्या आत हिंदुराव वस्ताद म्हणाले, "दुपारी दोनला."

धादांत खोटं! सकाळी सहाला तालमीत जोर मारतानाच पोरगं कळवळून खाली बसलं होतं. आता पाच वाजत आले होते. पण तालमीचा रिवाजच असा, की जांघेतलं दुखणं चारचौघांत बोलायचं नाही. "लंगोट आवळ आन् गप ऱ्हा," म्हणून वस्तादांनीच दटावलं होतं. जत्रेच्या मैदानात रुद्रची कुस्ती लागली होती ना! सलामी देतानाच पोरगं आडवं झालं.

बरं, खोटं कशापायी? तर शमिनपायी. हळद आणि पुनर्नवेच्या मुळांतून काढलेलं हे दाहशामक औषध येऊन चार वर्षं झाली होती. वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पीळ सोडवावा, तर परत धावलेलं रक्तच दाह पेटवून उरलंसुरलं मारून टाकतं. शमिन आधी टोचलं की तो दाह उठत नाही. मात्र आठ तासांच्या आत. त्यापुढे डॉक्टर वृषण सरळ काढूनच टाकत. हे आठ तास पंचक्रोशीतल्या प्रत्येक तालमीत पाठ होते. येत्या माघात रुद्रचं लग्न. आपल्या हट्टापायी पोरगं अधू झालं, तर त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं? वस्तादांनी वेळच बदलून टाकली.

अर्ध्या तासानं डॉ. रेहाना शिकलगार आल्या. शमिन देऊन झालं होतं. हातानं पीळ सोडवून, सोनोग्राफीच्या पडद्यावरचं चित्र बघून त्या म्हणाल्या, "रक्ताचा रंग चांगला दिसतोय. वेळेत आणलंत, नाहीतर हेच औषध उलटलं असतं."

"उलटलं म्हंजे?"

"उशीर झाला की आतलं मेलेलं असतं, आणि शमिन दाह दाबतं म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. मेलेलं तसंच राहतं. मग शरीर त्याच्यावर उठतं, आणि त्याच रागात दुसऱ्या, चांगल्या वृषणावरही."

वस्तादांनी रुद्रकडे पाहिलं. तो छताकडे बघत पडला होता. वस्तादांचा शब्द खाली पाडायचा नाही म्हणून गप्प. या मेल्या गप्प बसण्याला काय म्हणावं!

"बाई, मी खोटं बोललो," वस्ताद म्हणाले. "सकाळी सहाला दुखाय लागलं. पोराचा काय दोष न्हाई."

"अहो, काय केलंत हे!" डॉक्टरांचा आवाज चढला. मग त्या खाटेजवळ गेल्या. "रुद्र, आता यंत्रावर विसंबता येत नाही. काढलं, तर कदाचित जिवंत असलेलंच काढीन. ठेवलं, तर कदाचित दोन्ही जातील. सही तुझी हवी. वेळ नाही."

रुद्रनं मान वळवली. "वस्ताद, काढू का ठेवू?"

चाळीस वर्षं तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या काठावरून डाव ओरडून सांगणारा माणूस. त्याला भीती वाटत होती, लाज वाटत होती. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "तुझं तू ठरव, बाळा."

परिचारिकेनं हातात दिलेलं पेन रुद्रनं चादरीवर ठेवलं.

"माझं मी ठरवायला," तो म्हणाला, "तुम्ही मला कधी शिकवलंय का, वस्ताद?"